दगडफूल, टाचणी आणि समुद्रफेस

आमच्याकडे गोडा मसाला एप्रिलच्या शेवटी होतो आणि त्यातलं दगडफूल निवडायचं काम गेली कित्येक वर्षं माझ्याकडे आहे, कारण तेच सगळ्यात कंटाळवाणं. धणे पाखडून होतात, नागकेशर नि शहाजिऱ्याला फारसं काही करावं लागत नाही, पण दगडफुलात सालीचे तुकडे असतात, काड्या असतात, कोळ्याच्या जाळ्याचा गुंता असतो, एकदा तर नखाएवढं पीस निघालं होतं. वरून राखाडी, खालून काळंकुळीत, कडा कुरळ्या, आणि हाताला कोरडं चुरचुरीत. आई लग्नाआधीपासून ते वापरतेय आणि ते नक्की काय आहे हे तिला मी बीएस्सीला गेल्यावर कळलं, म्हणजे मी तिला पकवलं. ते फूल नाही. दगडावरचंही बहुतेक वेळा नाहीच, बाजारातलं दगडफूल जास्त करून झाडांच्या सालीवरून खरवडलेलं असतं. ते लायकेन आहे, एक बुरशी आणि एक शेवाळ यांनी मिळून थाटलेला संसार. म्हणजे नावात दोन शब्द नि दोन्ही चुकीचे. "असू दे की," आई म्हणाली, "चव तर येते ना."

यंदा निवडताना मला सारखा एक इटालियन कवी आठवत होता, ज्याने आयुष्यभर हेच खरवडून गोळा केलं. पण त्याच्याकडे जायच्या आधी मला एक कबुली द्यायची आहे, कारण ती दिल्याशिवाय पुढचं काही नीट सांगता येणार नाही.

बीएस्सी बॉटनीला असताना आम्हाला हर्बेरियम करावं लागायचं. पन्नास शीट. झाड आणायचं, मुळासकट शक्य असेल तर मुळासकट, जुन्या वर्तमानपत्रांत पसरून वर वजन ठेवायचं, कागद रोज बदलायचे, जुलैत तर दिवसातून दोनदा, नाहीतर बुरशी. मी गादीखाली ठेवायचे आणि रात्री कूस बदलली की काहीतरी मोडल्याचा आवाज यायचा. वाळलं की शीटवर टाके घालायचे आणि उजव्या कोपऱ्यात खाली लेबल: शास्त्रीय नाव, कुळ, स्थानिक नाव, कुठे सापडलं, समुद्रसपाटीपासून उंची, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव. सरांचा एकच धोशा असायचा की झाड जुनं झालं, किड्याने खाल्लं, रंग उडाला तरी चालेल, पण लेबल खोटं असेल तर ते शीट म्हणजे रद्दी. माझी पन्नासातली अकरा शीट रद्दी होती. महाबळेश्वरच्या सहलीला मला ताप भरला आणि मी दोन दिवस लॉजच्या खोलीत पडून काढले, मग परत आल्यावर आमच्या बिल्डिंगच्या मागच्या भिंतीवरची, नाल्याकाठची, शेजारच्या काकांच्या कुंडीतली झाडं उपटली आणि खाली सुवाच्य अक्षरात लिहिलं, महाबळेश्वर, १३०० मीटर. कुणाला कळलं नाही. मार्क चांगले पडले. काही वर्षांनी कॉलेजने ते सगळे गठ्ठे खरोखरच रद्दीत घातले असं ऐकलं आणि मला वाईट वाटायच्या ऐवजी सुटल्यासारखं वाटलं.

इटालियन मी शिकले ती पोटासाठी. आमच्या कंपनीचा एक क्लायंट इटलीतल्या तोरीनोचा, त्यांच्या ईमेल वाचता याव्यात म्हणून ऑफिसनेच संध्याकाळच्या क्लासला घातलं. तिथे एक भूतकाळ आहे, पास्सातो रेमोतो, लांबचा भूतकाळ, जो बोलताना पुष्कळ ठिकाणी कुणी वापरत नाही पण पुस्तकात सगळीकडे भेटतो. तो डोक्यात बसावा म्हणून मॅडमनी एका कवितेची झेरॉक्स वाटली. कामिल्लो स्बार्बरो. बापाला उद्देशून लिहिलेली कविता. तुम्ही माझे वडील नसतात, अगदी परके असतात, तरी मी तुमच्यावर तुमच्यासाठीच प्रेम केलं असतं, अशी सुरुवात, आणि मग कारण म्हणून एक हिवाळ्यातली सकाळ. बापाला खिडकीतून समोरच्या भिंतीवर उगवलेलं पहिलं व्हायोलेटचं फूल दिसतं. तो पोरांना आनंदाने बातमी देतो, लाकडी शिडी खांद्यावर घेतो, घराबाहेर पडतो, भिंतीला शिडी लावतो, नि पोरं खिडकीत उभी राहून बघतात. ती आठवण तिथेच संपते, मग लहान बहिणीची दुसरी एक सुरू होते. फुलाला विशेषण नाही, "सुंदर" नाही, "नाजूक" नाही. कुठल्या ऋतूत, कुठल्या भिंतीवर, कुणाला, कुठून दिसलं एवढंच आहे. बाकीचे क्रियापदांखाली रेघा मारत होते आणि मला तो सरळसरळ लेबलचा मजकूर दिसत होता.

तेव्हापासून डोक्यात एक गोष्ट बसलीय ती बसलीच. इटालियन कवितेत फुलं-पाखरं काही कमी नव्हती, शेकडो वर्षं नुसती उतू जात होती, पण गेल्या सव्वाशे वर्षांतल्या काही कवींनी, जे टाचणी नाहीतर छिन्नी घेऊन हिंडले किंवा निदान हिंडणाऱ्यांच्या सोबतीत राहिले, त्यांनी त्या फुलापाखरांखाली लेबल लावलं. आणि एकदा लेबल आलं की कवितेला खोटं बोलणं अवघड होतं. किंवा, गोत्सानोकडे बघितलं तर, खोटं बोलण्यात मजा यायला लागते. पण त्याचं पुढे.

या भांडणाला सुरुवात केली पास्कोलीने. कवी लेओपार्दीची एक कविता तिकडे शाळेतल्या प्रत्येक पोराला पाठ असते, १८२९ सालची, शनिवारची संध्याकाळ, गाव उद्याच्या सुट्टीच्या तयारीत, आणि एक मुलगी शेतावरून येतेय, हातात गुलाब आणि व्हायोलेट यांचा गुच्छ. जोव्हान्नी पास्कोली, जो स्वतः कवी आणि शेतातल्या घरात रमणारा माणूस, १८९६ मध्ये जाहीरपणे म्हणाला की हा गुच्छ काही पटत नाही. व्हायोलेट मार्चची, गुलाब मेचा. दोन्ही एका मुठीत येणार कसे? लोकांना हे फारच किरकिरं वाटलं, अजूनही वाटतं. मला मात्र अगदी उकळ्या फुटल्या, कारण आपल्याकडेही एकाच वेणीत मोगरा नि प्राजक्त माळणारे कवी आहेत आणि भर वैशाखात ते प्राजक्त कुठून पैदा करतात हे विचारणारं कुणी नाही. पास्कोलीचा मुद्दा खरं तर लेओपार्दीला खाली पाडायचा नव्हता, त्याचं प्रेमच होतं त्याच्यावर. त्याला एवढंच म्हणायचं होतं की आपली सगळी कविता "फूल", "पक्षी", "झाड" असल्या ठोक नावांवर चाललीय आणि प्रत्येक गोष्टीला स्वतःचं नाव असतं. त्याच्या कवितांत मग झुडपांची, पाखरांची नावं अशी येतात की इटालियन लोकांनाही डिक्शनरी लागते. त्याच्या एका रात्रीच्या कवितेत व्हायबर्नमच्या झुडपांत संधिप्रकाशातले पतंग येतात, आणि त्यासाठी त्याने वापरलेला शब्द "क्रेपुस्कोलारी". १९१० मध्ये बोर्जेझे नावाच्या समीक्षकाने हाच शब्द उचलून कवींच्या एका अख्ख्या पिढीला चिकटवला, मंद उजेडाचे, मावळतीचे कवी म्हणून. त्या पिढीतल्या सगळ्यात हुशार माणसाला खरोखरच पतंगांचा नाद होता हा एक योगायोग.

तो ग्वीदो गोत्सानो. जन्म १८८३, तोरीनोचा. उन्हाळ्यात जवळच्या कानावेझे भागात, आल्ये नावाच्या गावी. फुप्फुसांना क्षय, मरण कधी येईल सांगता येत नाही, आणि छंद फुलपाखरांचा, त्यातही नुसतं पकडून टाचणी मारण्याचा नाही तर अळीपासून वाढवण्याचा. फुलपाखरांवर त्याने एक मोठं काव्य लिहायला घेतलं, पत्रांच्या रूपात, एका बाईंना उद्देशून. ते पुरं झालंच नाही. त्यात अळ्यांचं पत्र, कोशांचं पत्र, कोबीवरच्या पांढऱ्या फुलपाखराचं, डोंगरावरच्या अपोलोचं. दोन गोष्टी तिथे सतत शेजारी बसलेल्या असतात, अठराव्या शतकातल्यासारखी भारदस्त भाषा आणि किड्याचं अगदी शास्त्रीय वर्णन. कवी मोन्तालेने नंतर गोत्सानोबद्दल म्हटलं की भारदस्त आणि रोजचं यांची टक्कर घडवून ठिणगी पाडणारा हा पहिला. मला वाटतं ही ठिणगी थेट संग्रहाच्या पेटीतून आलीय, कारण लेबलवर हेच होतं की, लॅटिन नाव आणि त्याच्या खाली "आमच्या बिल्डिंगच्या मागे".

त्याची सगळ्यात प्रसिद्ध कविता "सिन्योरीना फेलिचिता". एक शहरी, आजारी, शिकलेला वकील आणि एक खेड्यातली साधी, जवळजवळ कुरूप म्हणावी अशी मुलगी. दोघं माळ्यावर जातात. माळा अडगळीने भरलेला, जुन्या गाद्या, टोपल्या, मोठमोठ्या माणसांची चित्रं, त्यात कवी तास्सो डोक्यावर लॉरेलचा मुकुट घालून. मुलगी विचारते, वकीलसाहेब, या विचित्र डोक्यांवर चेरीची फांदी का हो? बघा, कीर्तीचं सगळ्यात मोठं चिन्ह, आणि तिने त्याची ओळख चुकवली, आणि चुकवून बरोबरच केलं. आणि त्याच माळ्यावर एकटा, कोंडलेला एक पतंग आहे, आकेरोंतिया आत्रोपोस, पाठीवर कवटीची खूण असणारा. त्याची करुण भुणभुण ऐकून फेलिचिता घाबरते, तिला वाटतं की हवेलीतली जुनी मेलेली मार्केझा, म्हणजे सरदारीणबाई, रडतेय. कवीला ठाऊक आहे की हा किडा आहे, त्याला कुळ माहीत आहे, नाव माहीत आहे. पण मार्केझाला तो कवितेतून हाकलत नाही, तिला नि पतंगाला एकाच खिडकीत ठेवतो.

या पतंगाचे भाऊबंद आपल्याकडे आहेत. मामाच्या शेतात तिळावर बोटाएवढी हिरवी अळी यायची, मागे शिंग असलेली, तीच. मोठी झाली की तिचा पतंग पोळ्यात घुसून मध चोरतो, आणि हातात धरला की उंदरासारखा चिरकतो, सोंडेतून हवा काढून. एकदा रात्री तो ट्यूबलाइटभोवती येऊन आपटला आणि मामाने पंचाने धरला तर असा ओरडला की मामीने तांब्याच टाकला हातातला. मी दहा वर्षांची असेन. मला त्याच्या पाठीवर कवटी दिसलीच नाही, मला वाघाचं तोंड दिसलं. नंतर पुस्तकात कवटी म्हणून वाचल्यावर ती दिसायला लागली आणि वाघ गेला तो गेलाच.

गोत्सानोचा आपल्याशी आणखी एक संबंध आहे आणि तो फार गमतीचा आहे. डॉक्टरांनी हवापालट सांगितला म्हणून १९१२ च्या फेब्रुवारीत तो जेनोआहून बोटीने निघाला आणि मुंबईला आला. मुंबई, घारापुरीची लेणी, पारशांची दख्मा, म्हणजे प्रेतं ठेवायचा मनोरा, मग सिलोन. परत जाऊन त्याने वर्तमानपत्रात पत्रं लिहिली, आणि १९१६ मध्ये बत्तिसाव्या वर्षी तो गेल्यावर पुढच्या वर्षी त्यांचं पुस्तक निघालं. त्यात आग्रा आहे, बनारस आहे, गोवा आहे. प्रत्येक पत्राला ठिकाण, प्रत्येक पत्राला तारीख. आणि अभ्यासक सांगतात की त्यातल्या कितीतरी ठिकाणी त्याने पाऊलही ठेवलं नव्हतं, तो काही आठवडेच इकडे होता, तारखा जुळत नाहीत, वर्णनं दुसऱ्यांच्या प्रवासाच्या पुस्तकांतून उचललेली. फुलपाखरांच्या काव्यातही माटरलिंक या लेखकाकडून केलेली उचल लोकांनी दाखवून दिलीय. ज्या माणसाला पतंगाचं नाव चुकलेलं खपत नव्हतं त्याने हिंदुस्थानाखाली बिनधास्त खोटं लेबल लावलं. हे वाचलं तेव्हा मी ट्रेनमध्ये होते आणि मोठ्याने हसले, महाबळेश्वर, १३०० मीटर.

पण मग फेलिचिताच्या शेवटाकडे परत गेले. तिथे तो स्वतःबद्दल म्हणतो की निरोप घेणारा तो भाबडा, हळवा तरुण म्हणजे मी जो असल्याचं सोंग करतो आणि नाही तो. म्हणजे स्वतःच्या नमुन्याखाली त्याने खरं लेबल लावून ठेवलं होतं: हे बनावट आहे. मी तेवढंही केलं नव्हतं. त्याची दुसरी एक कविता, आजीच्या मैत्रिणीची, ती तर सुरूच होते भुसा भरलेल्या पोपटाने, मग नाटककार आल्फिएरीचा अर्धपुतळा, मग नेपोलियनचा, मग काचेच्या घुमटाखाली संगमरवरी फळं. अभिरुचीच्या नावाने बोंब असलेल्या चांगल्या वस्तू, असं तो म्हणतो. दिवाणखान्याची यादी करता करता कविता होते आणि यादी सुरू होते ती मेलेल्या पाखरापासून, हे माझ्या डोक्यातून जात नाही. टाचणी मारलेली वस्तू टिकते पण त्या टिकण्याची किंमत काय हे गोत्सानोला नेमकं माहीत होतं, त्याच्या फुप्फुसांमुळे असेल. फेलिचितावर त्याला प्रेम करता येत नाही, तो तिला पेटीत ठेवतो.

आता स्बार्बरो. हा खरा माझा माणूस.

जन्म १८८८, सांता मार्गेरीता, लिगूरियाचा किनारा. आई लहानपणी गेली, मावशीने वाढवलं. काही वर्षं पोलादाच्या कंपनीत नोकरी, मग जेनोआत ग्रीक आणि लॅटिनच्या शिकवण्या. फॅसिस्ट पक्षाचं कार्ड घ्यायचं नाही म्हणून शाळेतली शिकवण्याची नोकरी सोडली नि खासगी शिकवण्यांवर भागवलं. आणि सुट्टीत, डोंगरात, खिशात छिन्नी. लायकेन. खडकावरची, सालीवरची, जुन्या कौलांवरची. इटालियन लेखांत सरसकट १२७ नवीन प्रजाती त्याच्या नावावर सांगतात, काहींना नाव त्याचंच दिलं गेलं, उदाहरणार्थ लेकानोरा स्बार्बारोनिस. त्याचे नमुने जेनोआच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयात आहेत आणि युरोप-अमेरिकेतल्या हर्बेरियमांतही गेले. विद्यापीठाची पदवी नाही, प्रयोगशाळा नाही, आणि जगभरचे तज्ज्ञ त्याच्याशी पत्रव्यवहार करतात.

लायकेन गोळा करणं म्हणजे काय हे मी एकदाच केलंय, पुण्याच्या बाहेर एका टेकडीवर, हौस म्हणून. फूल तोडता येतं. लायकेन येत नाही, ते दगडाचंच झालेलं असतं. छिन्नी तिरकी धरून हळू ठोकायचं, कपची निघते, कपचीवर ते, मग कागद, कागदाची एक विशिष्ट घडी असते, खालून वर, दोन्ही बाजू मागे, वरचं झाकण, पुडी तयार होते. पुडीवर लेबल. बरीच लायकेन वर्षाला मिलिमीटरभरसुद्धा वाढत नाहीत, म्हणजे रुपयाएवढा ठिपका आपल्यापेक्षा वयाने मोठा असू शकतो आणि आपण त्याला ठोकून काढतोय. पोटॅशचा एक थेंब टाकला की भिंतीवरचं पिवळंकेशरी झान्थोरिया रक्तासारखं लाल होतं. मुख्य म्हणजे वाळवायचे कष्ट नाहीत. फुलाचा रंग उडतो, फुलपाखराची पूड झडते, लायकेन पुडीत पन्नास वर्षं जवळपास तसंच राहतं. जिवंत असताना ते इतकं कमी जगतं की मेल्यावर फारसा फरक पडत नाही.

हे वाक्य मी लिहिलं आणि मग लक्षात आलं की मी स्बार्बरोच्या कवितेचंच वर्णन करतेय. "पियानिस्सीमो", १९१४, त्याचा मुख्य कवितासंग्रह, बारीकसा. त्यात एक माणूस शहरात झोपेत चालल्यासारखा चालतो. आनंदही संपला, दुःखही संपलं. तो म्हणतो, झाडं झाडं आहेत, घरं घरं आहेत, रस्त्याने जाणाऱ्या बायका बायका आहेत, सगळं जे आहे ते आहे, फक्त तेवढंच आहे. शेवटी या वाळवंटात मी कोरड्या डोळ्यांनी स्वतःकडे बघतो. कोरड्या डोळ्यांनी! त्या काळात इटलीत एकीकडे कवी दान्नुन्झिओ सोन्याची कलाबूत लावत होता, दुसरीकडे भविष्यवादी मंडळी मोटारींच्या नावाने ओरडत होती, आणि हा माणूस अशा सुरात बोलतो की बाजूच्याला ऐकू जाऊ नये. तेव्हा तो लायकेनच्या मागे पुरता लागलेला होता की नाही याने मला फरक पडत नाही, नजर तीच आहे. ज्याला स्वतःचं मन असं पुडीत ठेवून बघता येतं त्याला पुढे दगडावरचे ठिपके आवडले यात नवल काय.

त्याच्या पुस्तकांची नावं एका ओळीत वाचून बघा. "राळ". "रंध्याखालचे ढलपे". "दुकान बंद होताना काढलेला सेल". "उरलेला माल". "कटपीस". "थेंब". "किरकोळ". हे मी आपल्या मराठीत आणलेत, पण अर्थ खरेच तेच आहेत. हळूहळू त्याने ओळी तोडून लिहिणं जवळजवळ सोडलं आणि चार-सहा ओळींचे गद्याचे तुकडे लिहायला लागला, एकेक तुकडा सुटा, आधीच्याशी संबंध नाही, पुडीतल्या पुडीत. इटलीतली "फ्रागमेंतो", म्हणजे तुकड्यांची, परंपरा त्या पिढीत बऱ्याच जणांची होती, पण इतरांचे तुकडे कशाचे तरी तुटलेले वाटतात. स्बार्बरोचा तुकडा आधीपासूनच तेवढाच असतो. १९६७ मध्ये, म्हणजे तो गेला त्याच वर्षी, त्याचं लायकेनवरचं छोटं पुस्तक निघालं आणि त्यात हर्बेरियमला त्याने दिलेला शब्द "काम्पिओनारियो", जगाचं सॅम्पल-बुक. कापडाच्या दुकानात ते जाड पुस्तक असतं ना, सुटिंग-शर्टिंगच्या चौकोनी तुकड्यांचं, कडा कातरीने करवती केलेल्या, तसं. अख्खा तागा कुणालाच परवडत नाही, हात फिरवायला तुकडा मिळतो.

दख्खनच्या काळ्या दगडावरही हे सगळं आहे बरं का, आणि पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत लायकेनचा मोठा संग्रह आहे. फक्त आपल्या कवितेत ते अजून मसाल्याच्या डब्यापर्यंतच पोचलंय, आणि तिथेही चुकीच्या नावाने.

मोन्ताले या सगळ्यांत मोठा, नोबेल १९७५ चं, त्याच्यावर लिहायला माणसं कमी नाहीत, म्हणून मी थोडकंच बोलते. एउजेनिओ मोन्ताले, जेनोआचा, १८९६ चा, लहानपणचे उन्हाळे मोन्तेरोस्सोच्या किनाऱ्यावर. त्याने १९२० मध्येच स्बार्बरोच्या ढलप्यांवर परीक्षण लिहिलं होतं. पहिल्या संग्रहाला आधी "रोत्तामी" म्हणजे भंगार असं नाव द्यायचं त्याच्या मनात होतं, १९२५ मध्ये ते आलं "ओस्सी दी सेप्पिया" म्हणून. माकुळाच्या जातभाईंचं हाड, जे समुद्र किनाऱ्यावर टाकतो. कोकणातल्यांना ते वेगळं सांगायला नको, समुद्रफेस, पांढरं, हलकं, नखाने ओरखडा उठतो, काष्ठौषधींच्या दुकानातही मिळतं. आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर आम्ही ते उचलायचो आणि पाटीवर घासायचो, लिहितं का बघायला. लिहीत नाही.

मोन्ताले स्वतः छिन्नी घेऊन हिंडणारा नव्हता. तो उचलणारा. गोत्सानो टाचणी मारतो, स्बार्बरो खरवडतो, मोन्ताले वाळूत आलेलं हातात घेऊन बघतो आणि बऱ्याचदा परत ठेवतो. पण शेजाऱ्यांकडून घेतलेलं दिसतं. तापलेल्या भिंतीजवळची ती दुपार, जमिनीच्या भेगांतून आणि वेलीवर तांबड्या मुंग्यांच्या रांगा, भिंतीवर लावलेल्या फुटक्या बाटल्यांच्या काचा, यात एकही शब्द ठोक मालातला नाही. त्याच संग्रहात स्बार्बरोवर एक चिमुकली कविता आहे. स्बार्बरो नावाचा लहरी पोरगा रंगीत कागदांच्या घड्या घालून होड्या करतो आणि रस्त्याकडेच्या गढूळ ओहोळात सोडतो, तर भल्या गृहस्था, जाता जाता तुझ्या काठीने त्यांना जरा दगडांच्या एखाद्या बंदरात लावून दे. सगळे म्हणतात की कागदी होड्या म्हणजे त्याचं लिखाण, असेलही. मला त्या घड्या ओळखू येतात. खालून वर, दोन्ही बाजू मागे.

आणि मग तो पतंग परत येतो. १९२६ ची एक कविता आहे मोन्तालेची, पुढे "ओकाझिओनी" या संग्रहात आली. किनाऱ्यावरचं घर, संध्याकाळ, आई शेजारी बसलीय, टेबलावर पत्ते दोन-दोन टेकवून उभे केलेत, झोपेला आलेल्या भाच्यांच्या सैनिकांचे तंबू म्हणून. उघड्या खिडकीतून एक किडा आत येतो. भयंकर, टोकदार सोंड, लालसर प्रभावळीत गुंडाळल्यासारखे डोळे, पाठीवर माणसाची कवटी, आणि हात लावायला जावं तर असा कर्कश चिरकतो की अंगावर काटा येतो. तोच. गोत्सानोच्या माळ्यावरचा. मोन्ताले त्याला शास्त्रीय नावाने हाक मारत नाही पण एकेक खूण अशी नोंदवतो की कुणीही पुस्तकात बोट ठेवून ओळखावा. पत्त्यांचे तंबू, आई, भाचे, दूरचं दीपगृह, ते सगळं जग त्या एका किड्यामुळे टाचून राहिलंय. गोत्सानोने पतंग पकडला होता. इथे पतंगाने घर पकडलंय. मामीचा तांब्या मला त्या कवितेत पडताना ऐकू येतो, काही इलाज नाही.

यंदाचं दगडफूल पन्नास ग्रॅमच्या पाकिटातलं होतं. निवडता निवडता मी पाकीट उलटंसुलटं करून बघितलं. वजन होतं, किंमत होती, पॅक केल्याची तारीख होती, फोनवर तक्रार करायचा नंबर होता. कुठल्या जंगलातलं, कुठल्या झाडावरचं, कुणी खरवडलं, यातलं काही नव्हतं. त्यातला त्यात मोठा, सालीसकट आलेला एक तुकडा मी बाजूला काढला. बिलाच्या मागच्या कोऱ्या कागदाची पुडी केली, आत ठेवला, आणि पेन घेऊन बसले. स्थानिक नाव लिहिलं. तारीख लिहिली. गोळा करणाऱ्याचं नाव या जागी थोडा वेळ थांबून रेघ मारली. ठिकाण या जागी लिहिलं: आईचं स्वयंपाकघर, ओट्याजवळ, पुणे, सुमारे ५६० मीटर.

आई तेल तापवून उभी होती. "झालं का गं? आणि ते काय बांधून ठेवलंस," ती म्हणाली, "आधीच कमी आलंय, टाक ते पण."